तो मेरिएलच्या स्वप्नात येतो

३१ ऑक्टोबर

त्या सकाळी मी शेगडीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले, ओटची लापशी ढवळली आणि क्लेमला बजावलं — घराबाहेर पाऊल टाकायचं नाही! तो खिडकीशी बसला होता. अंगात शेवाळी स्वेटर, हातात चहा. "जशी आज्ञा," म्हणाला. मग मी पुस्तकांची पिशवी घेऊन खाली वाचनालयाच्या गाडीकडे गेले. परत आले तर हा कोट घालून शेगडीला चिकटलेला. हात थंडगार. "कुठे गेला होतास?" — "मी? राणीकडे चहाला." हसला. मीही सोडून दिलं. सप्टेंबरातली एक सकाळ. इतकी साधी, की नीट बघून ठेवावी असंही वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने अंथरूण धरलं, आणि ऑक्टोबर लागता लागता गेला.

आज आठवलं ते स्वेटरमुळे. आज साउइन — मेलेल्यांची रात्र. त्यांचं पान वाढून आपण मुक्याने जेवायचं. इतकी वर्षं त्याच्या आईचं पान असायचं, माझ्या बहिणीचं असायचं. यंदा त्याचं. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकायचा होता. कपाट उपसलं, पेटी उपसली, कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा बघितलं. कुठेच नाही.

हे जुने सण पाळणारं आमचं मंडळ आहे, त्यांच्याबरोबर जेवायला गेले नाही. गॉडफ्री दोनदा बोलावून गेला. आमच्या मंडळात वयाने तोच मोठा. सगळे सण तोच करतो, बोलतोही फार. त्याला मुक्याने जेवताना बघायची मजा असते. पण नको वाटलं.

एकटीने जेवले. मेणबत्ती जळत होती. खुर्ची खुर्चीच राहिली.

६ नोव्हेंबर

मेरिएल अंडी न्यायला आली. भिंतीला भिंत लागून घर तिचं, तीस वर्षांची शेजारीण. टोपलीत हात घालून उभी राहिली, जाईचना.

"काय गं?"

"काल क्लेम आला होता."

"कुठे?"

"स्वप्नात. तुमच्या सरपणाच्या खोपीत उभा होता. नुसत्या शर्टात. म्हणाला, नेटीला सांग, कडाका पडला की पाइप बघ."

पाइप!

मी म्हटलं, "बरं. चार देऊ का सहा?"

ती गेल्यावर कणीक मळायला घेतली ती इतकी बडवली की पाव दगड झाला. नवरा माझा. पान वाढून रात्रभर बसले मी. आणि हा जातो शेजारणीच्या स्वप्नात! तेही नुसत्या शर्टात!

९ नोव्हेंबर

मलाही स्वप्न पडलं. बसचं तिकीट सापडत नव्हतं. क्लेमचा पत्ता नाही.

२० नोव्हेंबर

चारलाच अंधार. आम्ही अंधार पडल्यावर विजेचा दिवा लावत नाही. सूर्य निजला की आपणही आवरायचं. मेणबत्ती, शेगडी, अंथरूण. क्लेमने हे सुरू केलं तेव्हा मी हसले होते. मग सवय झाली, मग आवडायला लागलं. हिवाळ्याशी भांडायचं नाही म्हणायचा. झाड भांडतं का?

वाचनालयाच्या गाडीवरून एक जाड पुस्तक आणलंय. त्यातही तेच. झाड आपलं सगळं मुळांत ओढून घेतं, माणसानेही तसं करावं, निवांत पडून राहावं. लिहिणाऱ्याची बायको जिवंत असणार. पलंगाच्या थंड बाजूचं काय करायचं, ते एकाही पानावर नाही.

भिंतीपलीकडे रूफस खोकतो. मेरिएलचा नवरा. तीस वर्षं त्या खोकल्याला शिव्या दिल्या. आता कान लावून ऐकते. मेला खोकतो तर आहे! तिच्या शेजारी झोपून खोकतो. तिच्याकडे खोकणारा पण आहे आणि स्वप्नात येणारा पण.

१ डिसेंबर

पुन्हा आली. आता चेहऱ्यावरूनच कळतं मला.

"नेटी, पाइप बघितलास का? तो परत विचारत होता."

"त्याला म्हणावं, स्वतः येऊन विचार. घर ठाऊक आहे त्याला."

ती हसेल वाटलं होतं. हसली नाही. शालीची किनार पिळत उभी राहिली.

पाइप डोंगरातल्या झऱ्यावरून येतो आणि खोपीच्या भिंतीतून घरात शिरतो. तो पडला सरपणाच्या राशीमागे. बघायचा तर निम्मी रास हलवायला हवी. नाही बघणार! ती सांगते म्हणून तर नाहीच.

रास यंदा डावीकडे वाकडी आहे. क्लेमची रास म्हणजे गवंड्याने बांधलेली भिंत. आजारात हात चालले नसतील. रूफस म्हणाला, मी नीट लावून देतो, थोडी लाकडंही टाकतो. नको म्हटलं. क्लेमने तोडलेल्या लाकडांवरच हा हिवाळा काढायचा आहे मला.

१४ डिसेंबर

गारठा. वाचन नाही. एकटीला पलंगावर ऊब येत नाही, कोंबड्या तरी एकमेकींना चिकटून बसतात. त्यांचाही हेवा वाटला. इथवर आले मी.

२१ डिसेंबर, यूल

वर्षातली सगळ्यात मोठी रात्र सरली. अजून अंधार होता तेव्हा सगळे माळावरच्या दगडांपाशी जमलो. सगळ्यांनी कंदील विझवले. मग गॉडफ्रीने गेल्या वर्षीच्या ओंडक्याचं जळकं टोक काढलं आणि त्यावरून नवा ओंडका पेटवला. हे काम क्लेमचं. हात भाजून घ्यायचा दरवर्षी, तरी हातमोजे घालायचा नाही.

सूर्य वर यायची वाट बघत उभे होतो. मेरिएलने रूफसच्या खिशात हात घातला होता. स्वतःच्या खिशात नाही, त्याच्या. मी बघत होते. आणि एकदम डोक्यात उजेड पडला — नुसत्या शर्टात! स्वेटर अंगात नव्हता हे हिला कसं माहीत? बाकी कुणाला ठाऊकच नाही की स्वेटर हरवलाय.

तोंडातून निघून गेलं. "मेरिएल, क्लेमचा स्वेटर कुठे आहे?"

रूफस म्हणाला, "कसला स्वेटर?"

"तिला विचार. शेवाळी. मी विणलेला."

"नेटी, आज नको," गॉडफ्री म्हणाला, "सूर्य येतोय."

"येऊ दे. त्यालाही ऐकू दे."

मेरिएल कानापर्यंत लाल. "माझ्याकडे नाही गं. पण —"

"पण काय?"

"काही नाही."

सूर्य आला. ते गायला लागले. मी निघून आले. आल्याचा केक भाजून नेला होता तो तिथेच राहिला. खाल्ला असेल सगळ्यांनी. कोरडाच झाला होता.

२ जानेवारी

बारा दिवस कुणी दारात नाही. अंडी साठलीयत.

८ जानेवारी

काय कडाका! कोंबड्यांचं पाणी दगड. खिडकीच्या आतल्या बाजूला दंव.

ओळीतल्या सगळ्या घरांचे पाइप गोठले. गॉडफ्रीचा, मेरिएलचा, कोपऱ्यावरच्या नव्या जोडप्याचा. माझा वाहतोय! सकाळी नळ सोडला आणि ऐकत उभीच राहिले. खळखळ!

अकराच्या सुमारास दारावर थाप. मेरिएल, दोन बादल्या. मागे रूफस.

"तुझ्या पाइपला ताप आलाय की काय?" तो म्हणाला. त्याचा तो हसण्यात सगळं मिटवण्याचा स्वभाव.

मी बादल्या भरून दिल्या. मेरिएल माझ्याकडे बघत होती, काही विचारायचं असल्यासारखी. मी नळाकडे बघत होते.

१२ जानेवारी

आज तिला दारातच उभं केलं आणि बादली बारीक धारेने भरली. खूप बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण खोटं कशाला लिहू.

१९ जानेवारी

अजून गोठलेलंच. रोज येते. आज राहवलं नाही. विचारलं, "आला होता का?"

"नाही," ती म्हणाली. "नाही आला."

वाटलं होतं, ऐकून गार वाटेल. उलट मला दोघांचाही राग आला. तिच्याकडेही जात नाही म्हणजे काय? मग जातो कुठे?

२९ जानेवारी

रास संपत आली. डावीकडची वाकडी ओळ आज काढली. शेवटचे तीन ओंडके उचलले आणि मागे शेवाळी रंग दिसला.

आधी वाटलं शेवाळच. मग हात लावला. लोकर.

स्वेटर. पाइपला घट्ट गुंडाळलेला, जमिनीपासून भिंतीतल्या भोकापर्यंत. बाह्या दोन्ही बाजूंनी फिरवून बांधलेल्या. गाठ क्लेमची. होडीवर काम करायचा तेव्हाची, तशी गाठ इथे कुणाला येत नाही.

ओंडक्यावर बसून राहिले. नाक लावलं. त्याचा वास नव्हता, लाकडाचा होता. मग भिंतीशी जाऊन हाक मारली. मेरिएल आली, खोपीच्या दारातच थांबली. बघितलं आणि तिथेच रडायला लागली.

"तुला माहीत होतं!" मी म्हटलं.

"मी होते तेव्हा इथे."

सप्टेंबरातल्या त्या सकाळी. मी पुस्तकं बदलायला गेले तेव्हा. भिंतीवरून त्याने तिला बोलावलं — जरा लाकडं बाजूला कर गं, मला वाकवत नाही. तिने लाकडं काढली. तो म्हणाला, यंदा मी नसेन आणि नेटीला पाइपची आठवण राहायची नाही, ती पुस्तकात असते. ती म्हणाली, थांब, पोतं आणते. पण त्याने अंगातला स्वेटर काढलासुद्धा होता. "ही लोकर आता माझ्यापेक्षा तिच्या पाण्याला उपयोगाची," म्हणाला. तिने लाकडं परत लावली. वाकडी. आणि त्याने शपथ घातली — नेटीला बोलू नकोस, मी बाहेर पडलो हे कळलं तर मरायच्या आधीच मारेल मला. फक्त थंडी पडली की सांग, गाठ सुटली नाही ना बघ म्हणावं.

"मग तो पडला," ती म्हणाली. "आठवड्याच्या आत. नेटी, त्या गारठ्यात मी त्याला नुसत्या शर्टावर उभं राहू दिलं. ओढत घरात न्यायला हवा होता. तुला हे कोणत्या तोंडाने सांगू?"

"म्हणून स्वप्न."

"म्हणून स्वप्न. तो एकदाही नाही आला गं. मी सगळं रचलं."

मी तिला आत बोलावलं नाही. जा म्हटलंही नाही.

३० जानेवारी

दिवसभर हेच. माझ्यावर जीव होता त्याचा, हे पाइपला बांधलेलं मिळालं. आनंद व्हायला हवा. आहेही. पण ती सकाळ तिच्याकडे आहे. त्याचे उघडे हात, ते बोलणं, त्याचं हसणं. माझ्याकडे "राणीकडे चहाला".

आणि दुसरी गोष्ट. तीन महिने मी जळत होते, पण तो तिच्या स्वप्नात येतो म्हणजे कुठेतरी आहे असं धरून चालले होते. चालतबोलत आहे, नळाची काळजी करतोय. आता कळलं, तो कुणाकडेच येत नव्हता. आज खरा गेला. शेगडीशी बसून रडले. हे रडणं वेगळं होतं.

डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, थंडी लागो न लागो, दिवस भरलेत. मेरिएलला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिला वाटतंय तिनेच मारला. सप्टेंबरपासून हे घेऊन ती त्या खोकल्याशेजारी झोपते आहे.

३१ जानेवारी

उद्या इम्बोल्क. हिवाळ्याची पाठ वळते. गॉडफ्री म्हणतो, मेलेले आता आपल्या वाटेने जातात, दारं जिवंतांसाठी उघडायची. आज संध्याकाळी प्रत्येक घराबाहेर कापड ठेवतात. ब्रिगिड देवी रात्री येऊन हात लावून जाते, मग ते कापड वर्षभर दुखण्याखुपण्याला चालतं. दरवर्षी मी रुमाल ठेवायचे.

पाइपला पोतं बांधलं. स्वेटर खिडकीबाहेर ठेवला. मेरिएलच्या खिडकीत काहीच नाही.

१ फेब्रुवारी

रात्री स्वप्न पडलं नाही. सकाळी स्वेटर दंवाने ताठ झाला होता. शेगडीशी वाळवला आणि पाइपला परत गुंडाळला. ती गाठ मला जमली नाही, माझी बांधली. मग सहा अंडी घेऊन मेरिएलकडे गेले आणि म्हटलं — काल क्लेम माझ्या स्वप्नात आला होता. म्हणाला, तिला सांग, दिवस भरलेच होते, थंडीचा काही संबंध नाही. आणि म्हणाला, पण रास लावायला त्या बाईला शिकव.