वडगावच्या बायांचं रक्त

११ नोव्हें. ९८, शिरूर
वडगाव रासाईच्या गरोदर बायांच्या रक्ताची प्लेट लॅबमध्ये लावली. लसीनं धनुर्वाताच्या अँटीबॉडी तयार झाल्यात का बघायचं; असतील तर रंग येतो. तुलनेच्या कंट्रोल नमुन्याला झकास रंग आला, बायांच्या खळग्यांत नुसतं पाण्यासारखं. कुणाच्याच रक्तात काही नाही! लसीच्या कार्डावर मात्र सगळ्यांना दोन-दोन डोस. लॅबचे सर म्हणाले, परत लावा.

१२ नोव्हें.
परत तेच. वडगावच्या सिस्टरला गाठलं. लाइट जाते म्हणून बाईने लस थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली. जितकी गार तितकी बरी, म्हणाली. ही लस गोठली की वाया जाते, हे हिला कुणी सांगायचं? फार ओरडले तिच्यावर. ती रडायला लागली, मग आणखीच राग आला.
बाकीच्यांना परत डोस देता येईल. पण त्यांतल्या रोहिणीचे दिवस भरलेत; आईच्या रक्तात नाही तर बाळालाही धनुर्वातापासून संरक्षण नाही. पहिलटकरीण, माहेरी गेलीय. सासू म्हणाली, पारगावला. तेवढ्यावर निघायचं ठरवलं.

१३ नोव्हें., पारगाव (ता. दौंड)
दुपारभर हिंडले. रोहिणी कुणालाच माहीत नाही. लग्नात नाव बदललं असणार, एवढं मला सुचू नये! माझंही बदललंच की. शेवटी एक आप्पा म्हणाले, "वडगावात दिलेली व्हय? मग ती माझी मंगल."
उशीर झालाच. परवा घरीच बाळंत झाली. मुलगा. नाळ घरातल्या ब्लेडने कापली, वर राख लावलेली. दौंडला दवाखान्यात चला म्हटलं, तर आप्पा म्हणाले, "पाचवी पुजल्याबिगार बाळ उंबऱ्याभाईर काढत न्हाईत. आन् पोर पितंय, रडतंय. झालंय काय त्याला?"
काहीच झालेलं नाही अजून. पण झाल्यावर मग...

१५ नोव्हें., पारगाव
सरांनी पुण्याहून बाळाला द्यायचं धनुर्वातावरचं इंजेक्शन आणलं. आधीच लागण झाली असेल तर कितपत उपयोग, विचारलं. सर म्हणाले, आधी चला. आप्पांनी आत घेतलं, हेच नशीब. मंगलला म्हटलं, पाज बघू. बाळानं तोंड लावलं, सोडलं, परत लावलं, सोडलं. पोट भरलंय म्हणाली. मला तसं वाटेना. धनुर्वात असाच सुरू होतो, बाळाला दूध ओढता येत नाही.
सर सुई भरत होते. ती हळूच मला म्हणाली, "ताई, मी तर दोन्ही सुया घेतल्या व्हत्या. हात सुजला, तरी गेले दुसऱ्या बारीला."
घेतल्यास गं, म्हटलं. सुईसाठी बाळाची मांडी धरली.