तात्या डोळे मिटतात तेव्हा

औरंगपुरा, औरंगाबाद
फेब्रुवारी १९७६

प्रिय आवडा,

वैजापुरात तुमची कांद्याची गडबड चालू असेल, मान वर करायला फुरसत नसेल, ते मला कळतं. तरी हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून वाच. तुझे वडील जेवतात, झोपतात. गच्चीच्या जिन्यावरून पडले तेव्हा वाचा गेली ती गेलीच, उजवं अंगही हलत नाही. डॉक्टर म्हणतात, त्यांना आता काही समजत नाही. तुझे दादा त्यांना देवगाव रंगारीच्या मळ्यात नेऊन ठेवणार आहेत. मोकळी हवा मिळेल म्हणे. येत्या शुक्रवारी न्यायचं, मी बरोबर जायचं नाही, तिथला सालदार गडी बघेल, असं ठरलं होतं.

तू मला हसायचीस ना, वहिनीला पदराआडून मीठ की साखर तेही दिसत नाही म्हणून. खरंच, या घरात आल्यापासून मी सासऱ्यांना तोंड दाखवलं नव्हतं. ते दारात एकदा खाकरले की पाणी, दोनदा खाकरले की चहा, एवढंच आमचं बोलणं. आता त्यांनाच भरवते, पुसते, कुशीवर वळवते. पदर सांभाळू की चमचा? शेवटी घरात कुणी नसलं की पदर खांद्यावर टाकते आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे बघते. आवडा, त्यांना सगळं समजतं. डाव्या हातात माझं बोट दिलं की होय असेल तर दाबतात, नाही असेल तर सोडून देतात. वरण अळणी झालं होतं तेही त्यांनी मला असंच सांगितलं. माणूस एवढं बोलतो आणि घरभर म्हणतात, तात्या गेल्यातच जमा.

एकच गोष्ट मी उलटी समजले. तुझे दादा खोलीत आले की रिवाजाप्रमाणे माझा पदर हनुवटीपर्यंत यायचा. खालून एवढंच दिसायचं, तात्यांनी डोळे गच्च मिटलेत आणि हात ताठ झालाय. मला वाटायचं, लेकासमोर सुनेच्या हातून सगळं करून घ्यायची त्यांना लाज वाटते. मी बिचारी आणखी पदर ओढायची. शेजारची सगीरा शिलाई घेऊन तात्यांजवळ येऊन बसते. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी तात्यांनी तिच्या घराच्या दारात बसून राखण केली होती, ते तिच्या घरचे विसरले नाहीत. परवा मी चुलीपाशी होते, ती खोलीत, आणि तुझे दादा आत येऊन गेले. बाहेर येऊन हळूच म्हणाली, “तुम नै थे तब बी आँखां मूँद लिए. ये शरम नै, भाभी. डर है.”

देवगावची जमीन विकायला तात्यांनी साफ नाही म्हटलं आणि त्याच संध्याकाळी ते पडले, हे तुलाही माहीत आहे. वर गच्चीवर बाप-लेक दोघंच होते.

आज दुपारी घरात कुणी नाही असं पाहून मी त्यांच्या हातात बोट दिलं. तात्या, पाय घसरला का, विचारलं. बोट सोडलं. कुणी ढकललं का? दाबलं. नवऱ्याचं नाव तोंडातून निघेना, म्हणून नुसतं ‘यांनी?’ म्हटलं. इतकं दाबलं की बोट पांढरं पडलं. आणि मग आवडा, तात्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. मी पदर न घेताच मागं वळले. तुझे दादा दारात उभे होते, केव्हापासून ते देव जाणे.

ते रागावले नाहीत. चहा टाक म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं, उद्या संध्याकाळीच जीप येईल. सगीराचा भाऊ हैदर आत्ताच्या एसटीनं वैजापूरला निघालाय, त्याच्या हाती हे देते. उत्तर लिहीत बसू नकोस. जावईबापूंना आणि चार माणसांना घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं ये. आधी मी मळ्यात जायचं नव्हतं. आता म्हणतात, तूही चल.

तुझीच,
वहिनी