अंतराळातून आलेली लाळ

३ मार्च, सोमवार

सापडलं! अंतराळ-प्रवासीबाईंच्या रक्तात लाळेतलं प्रथिन. तोंडात घास गेला की पचवायला घेतं, तेच. बाई अंतराळात जाण्याआधी काढलेल्या रक्तात ते नावापुरतं, वर असताना काढलेल्या रक्तात भरमसाट. अंतराळात गेल्यावर रक्तातली प्रथिनं कशी बदलतात ते शोधायला तर बसलोय आम्ही.

  माझे मार्गदर्शक सर जे सुरू झाले ते संध्याकाळपर्यंत. "वजन नसलं की अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं. तोंड सुजतं. लाळेच्या ग्रंथी फुगतात आणि पाझरतात थेट रक्तात. सरळ आहे!" सरांना सगळं सरळच दिसतं. पण पटलं.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या परिषदेत सर हे जाहीर करणार. आणि माझा प्रबंध — कधीचं घोडं अडलं होतं — सुटला म्हणायचा.

४ मार्च, मंगळवार

आईला सांगितलं, मी आता डॉक्टर होणार. म्हणाली, "मग माझ्या गुडघ्याचं बघ."

७ मार्च, शुक्रवार

मी रक्ताच्या नळ्या उघडून बसलेली आणि सर वरून व्याख्यान देतायत. मास्क हनुवटीवर — दाढीला थंडी वाजत असावी. मला काम करताना बडबड सोसत नाही. मी मुळातच मितभाषी. नळ्यांशी काय दोन शब्द बोलते तेवढंच. "चल ग बाई, विरघळ आता, मागे रांग लागलीय." पण ते कामाचं बोलणं.

या खोलीत माझ्याआधी ज्या होत्या, उड्डाणाआधीच्या सगळ्या नळ्या ज्यांनी तपासल्या, त्या म्हणे दिवसभर चकार शब्द काढत नसत. कशा जगत असतील!

१० मार्च, सोमवार

घोटाळा झालाय.

उगीच खात्री म्हणून एका नळीत नुसतं मिठाचं पाणी घेतलं. रक्ताचा थेंब नाही. बाकी सगळं नेहमीसारखं केलं. तर त्या पाण्यातही लाळेचं प्रथिन. पाणी कुठल्या अंतराळात गेलं होतं?

म्हणजे ते रक्तातलं नाहीच. वरून पडतंय. कुणाच्या तरी तोंडातून. कुणाच्या, हे कळायला डॉक्टरेट लागत नाही. उड्डाणाआधीच्या नळ्या झाल्या तेव्हा सर पाय मोडून घरी होते. प्रथिन नव्हतं. सर परतले, प्रथिन आलं. सरळ आहे.

सांगावं तर माझा प्रबंध बुडाला. न सांगावं तर सर भर परिषदेत उभे राहून स्वतःची थुंकी जाहीर करणार.

११ मार्च, मंगळवार

ताट तसंच सरकवून उठले. आई म्हणते, "एरवी भिंतीशीही बोलतेस. आज काय झालं?" आईला फुगवून सांगायची सवयच आहे.

१३ मार्च, गुरुवार

सांगितलं.

पाण्याचा आलेख समोर ठेवला. म्हटलं, "सर, तुम्ही बोलता ना... तेव्हा थोडं उडतं." वाटलं, आता माझी धडगत नाही. पण सरांनी खिशातून रुमाल काढला आणि हळूच ओठ पुसले. "बायको कधीची सांगतेय," एवढंच म्हणाले. मग माझ्यासमोर परिषदेला फोन लावून व्याख्यान मागे घेतलं. "चूक माझी आहे, माझ्या विद्यार्थिनीची नाही," असं दोनदा सांगितलं. मला इतकं वाईट वाटलं की बाहेर जाऊन रडले.

प्रवासीबाईंच्या वरच्या रक्ताची एकच नळी उरलीय. ती मी मंगळवारी करणार, सोबत पाण्याची एक. सर त्या दिवशी इमारतीत पाऊलही टाकणार नाहीत. रक्तात खरंच काही असेल तर व्याख्यानही होईल आणि प्रबंधही.

१७ मार्च, सोमवार

सर चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून पितात. मास्क डोळ्यांना टेकलाय. काही विचारलं तर मान हलवतात.

त्यांच्या पत्नीचा फोन आला. "काय केलंस ग यांना?" मी माफी मागायला लागले. "अगं, माफी कसली? पहिले दोन दिवस इतकं शांत वाटलं! पण आज मात्र घर खायला उठलंय. लवकर बोलतं कर त्यांना."

१८ मार्च, मंगळवार

झालं. खोलीत मी एकटी, दार बंद.  चष्म्यावर वाफ धरून थेंब दिसेना, म्हणून मास्क जरा खाली ओढला. शेवटची नळी उघडली आणि तिला म्हटलं, "बाई ग, सगळं तुझ्यावर आहे. सरांची अब्रू, माझा प्रबंध. एवढ्या लांबून आलीस, आता दगा देऊ नकोस." बराच वेळ समजावलं तिला. शेजारच्या पाण्यालाही.

आता यंत्र काय म्हणेल ते खरं.

१९ मार्च, बुधवार

रक्तात प्रथिन. पाण्यातही प्रथिन — मागच्या वेळेच्या दुप्पट. शेवटची नळीही संपली.

सर दारात आले. मास्क डोळ्यांपर्यंत. भुवयांनीच विचारलं, काय आलं?

मी खिशातून रुमाल काढला आणि हळूच ओठ पुसले.