विहिरीत सोडलेली बादली

बुधवार, चैत्र, १९६३

जीव थाऱ्यावर नाही. सकाळी शेजारच्या शांताबाईच्या नव्या सुनेच्या हातून विहिरीत बादली पडली. बाया फिदीफिदी हासल्या. पोरगी रडकुंडीले आली. म्या मुद्दाम माही बी बादली सोडून देल्ली. म्हनलं, "घ्या, आता मले हासा! मले रागावनारे धनी तं वरच जाऊन बसले." तवा पोरगी पदराआडून हासली. लग्नापासून पयल्यांदा.

आता भिंतीपल्याड शांताबाई वरडून राह्यली. सून चक्क म्हने, "पडली तं पडली, आत्याबाई. उद्या गळ टाकून काढतो."

काऊन हासवलं म्या तिले? मार बसला तं?

मंग शांताबाईचा आवाज आला, "एकटी नोको जाऊ. वाकशीन अन् तूच पडशीन. मी येतो."

शिवी नाही देल्ली. तरी मी अजून भिंतीपाशीच.