उपासाचा डबा

लेस्टर,
३ सप्टेंबर १९७९

चि. दमयंतीस,
रेवाचे अनेक आशीर्वाद आणि घरात सगळ्यांना जय श्रीकृष्ण.

तुझं पत्र पोचलं. आपल्या बाचा दमा वाढलाय हे वाचून जीव खालीवर झाला. या वयात आईला सांभाळणं सोपं नाही, मला कळतं. माझ्या आजाराचं मात्र तिच्या कानावर घालू नकोस.

पोटातलं दुखणं म्हणजे पित्ताशयात खडे निघाले. अठरा तारखेला, मंगळवारी सकाळी ऑपरेशन आहे. दमु, मला फार भीती वाटते. आजवर इस्पितळात जशुबेन होती, वॉर्डात फरशी पुसणारी, आपल्या बारडोलीकडची. पोछा भिंतीला टेकवून ती मला डॉक्टरांचं सगळं नीट सांगायची, माझं त्यांना सांगायची. आता मोठ्या नर्सबाईने तिला ताकीद दिलीय, की तुला पगार फरशीचा मिळतो, बोलण्याचा नाही. दुभाषी ठेवायला इस्पितळाकडे पैसे नाहीत म्हणे.

म्हणून या वेळी तुझे जिजाजी आले, रात्रपाळी करून, तारवटलेल्या डोळ्यांनी. कारखान्यात मी साहेबाशी रोज इंग्रजी बोलतो, असा त्यांचा तोरा. डॉक्टर भात शिजेल इतका वेळ बोलले आणि यांनी मला दोन वाक्यं सांगितली. खडे काढायचे, आणि त्या दिवशी उपास करायचा. बाकी काय म्हणाले ते विचारलं, तर म्हणतात, बाकी त्यांचं डॉक्टरी. मी कागदावर सही करून मोकळी झाले. कुठे कापणार, किती कापणार, देव जाणे.

उपासाचं मात्र हसू आलं. चाळीस वर्षं एकादशी करणारीला हे गोरे उपास शिकवणार. आदल्या संध्याकाळी भरती व्हायचंय. राजगिऱ्याच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि थोडे वऱ्याचे तांदूळ डब्यात नेईन आणि सकाळी खाऊन घेईन. कापाकापीच्या आधी अंगात ताकद नको का?

या लांबच्या बहिणीवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी
रेवा


नवसारी,
१४ सप्टेंबर १९७९

पूज्य मोटीबेनच्या चरणी दमूचा नमस्कार.

तुझं पत्र आज सकाळी हाती पडलं. मोटीबेन, तो डबा नेऊ नकोस. हा आपला उपास नव्हे. फराळ चालत नाही, दूध-चहा चालत नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी अकरा वर्षं नगरपालिकेच्या दवाखान्यात आया आहे, उगाच घाबरवत नाही. आमच्याकडे एका म्हाताऱ्याने ऑपरेशनच्या सकाळी लपून वाटीभर दूध प्यायलं होतं. भुलीत ते उलटून छातीत गेलं. सुरी लागायच्या आधीच तो गेला. त्याची चादर मीच बदलली.

हे पत्र तुला मंगळवारच्या आत मिळणार नाही, आणि तुमच्याकडे फोन नाही. म्हणून धावत तार ऑफिसात गेले. तारमास्तरांनी इंग्रजीत लिहून दिलं, की काही खाऊ नकोस, पाणीही नको. ती तार तुला वाचून कोण दाखवणार, हे मला बाहेर पडल्यावर सुचलं. जिजाजी घरी असोत, एवढीच प्रार्थना. देवापाशी इतका वेळ का बसतेस, असं बा सारखं विचारते. मी काही सांगितलेलं नाही.

उत्तर तुझ्याच हातचं येऊ दे. धाकटीचा एवढा हट्ट पुरव.

तुझी
दमु


लेस्टर,
२२ सप्टेंबर १९७९

चि. दमूस अनेक आशीर्वाद.

अक्षर माझंच आहे, ओळख. तुझं पत्र काल आलं.

तार सोमवारी दुपारी आली होती. तुझे जिजाजी झोपले होते. घरून तार म्हटल्यावर मला एकच सुचलं, बा गेली. त्यांना उठवलं असतं तर त्यांनी वाचून दाखवली असती. नाही उठवलं. तार वाचत नाही तोवर बा आहे, असं मनाला वाटलं. ती पोलक्यात खोचून मी भरती झाले.

मंगळवारी सकाळी नर्सने हसून काहीतरी विचारलं, मीही हसून मान हलवली. मग भिंतीकडे तोंड करून सगळा डबा संपवला. एकादशी, दुप्पट खाशी, हे तू लहानपणी मला चिडवायचीस ना, तसंच. मला ऑपरेशनला न्यायला ढकलगाडी आली तेव्हा जशुबेन पलंगाखाली पोछा मारत होती. माझ्याकडे बघायचीही तिला चोरी. मला वाटलं, शुद्ध जाण्याआधी कळू तरी दे, मला आई आहे की नाही. मी तार तिच्या हातात कोंबली.

तिने ती वाचली. मग उशाशी डबा पाहिला, झाकण काढून पाहिला. पोछा तिथेच टाकून ती गाडीपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली. नर्सा ओढत होत्या तरी हलेना.

ऑपरेशन थांबलं. एवढ्या माणसांची अख्खी सकाळ फुकट गेली म्हणून डॉक्टर फार चिडले, असं तुझे जिजाजी म्हणाले. त्या सकाळच्या खर्चात दुभाषी किती दिवस ठेवता आला असता, ते कोणी बोललं नाही. जशुबेनला मात्र तळघरात धुलाईला पाठवलं. तिथे रोगी येत नाहीत, फक्त चादरी येतात.

आता नऊ ऑक्टोबर तारीख दिली आहे. त्या दिवशी पाण्याचा घोटही घेणार नाही, बाची शपथ. उपासाचं कळलं. पण दमु, डॉक्टर भात शिजेल इतका वेळ बोलले होते. त्यातलं उरलेलं काय होतं, ते मी आता कोणाला विचारू?

तुमच्या दवाखान्यात विचारून जे कळेल ते लगेच लिही. आणि नऊ तारखेनंतरही या बहिणीला पत्रं लिहीत राहा.

तुझी
रेवा