समोरच्या खोलीचा वारसा

शाळेतून परतताना पाऊस आला की मी आणि धाकटी रेस्टिटुटा एकाच केळीच्या पानाखालून चालायचो. पान मी धरायचे आणि भिजायचेही मीच. हे मृत्युपत्र त्याच बहिणीच्या डोक्यावरच्या छपरासाठी आहे.

मी, पेलाजिया नालवोगा, निवृत्त शिक्षिका, राहणार बुलेंगेरे, जिल्हा मसाका, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहिते. दडपण आणायला फादर ग्योन्झा येऊन गेले, पण चहा पिऊन परतले.

१. घर. वादळात चर्चचे छप्पर उडाले, तेव्हा पवित्र भाकरीची कुलूपबंद पेटी लाल दिव्यासह वर्षभर माझ्या समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात होती. त्या भाकरीच्या रूपाने खुद्द प्रभू मुक्कामाला असला की घरात पाय पसरून बसता येत नाही. पुढे बिशप वाजतगाजत पेटी घेऊन गेले. गावाची सवय मात्र मागे राहिली. अजूनही लोक आत येतात, कोपऱ्याकडे वळून एक गुडघा टेकतात आणि मग माझी चौकशी करतात. तिथे बरेच दिवस कोंबडी अंडी उबवत होती. तिला हा मान आवडला असावा.

रेस्टिटुटा विधवा झाली. त्यात ती टाळ्या वाजवून प्रार्थना करणाऱ्यांच्या मंडळीत गेली, म्हणून सासरच्यांनी तिला हाकलले. ती माझ्याकडे आली. पेटी असेपर्यंत स्वयंपाकघरातच निजायची.

"ताई, देवाला कुलपात कोण ठेवतं गं?"

"तुझ्या पास्टरने भोंग्यात ठेवलाय ना, तसंच."

मग चार दिवस दोघींच्या चुली वेगळ्या.

माझे पाय लुळे पडल्यापासून तीच मला उचलते, धुते, भरवते. वर बेसूर गातेही. कोपऱ्यात ऊन येते म्हणून तिने कोंबडी हलवून माझी खुर्ची तिथे मांडली. एकदा ती खाली बसून माझे पाय धूत होती. फादर आत आले आणि त्यांनी सवयीने गुडघा टेकला. ती मान वर न करता म्हणाली, "उठा फादर, पाणी सांडलंय."

त्यांचा झगा भिजला. त्याच बैठकीत त्यांनी ही खोली स्मारक-प्रार्थनागृहासाठी मागितली. अशा पवित्र जागी परपंथाची बाई राहणे बरे दिसत नाही, असेही म्हणाले.

म्हणून संपूर्ण घर, समोरच्या खोलीसह, रेस्टिटुटाला. तिला तिथून कोणी उठवू नये.

२. शिवणयंत्र भाचा अँब्रोजला. त्याने ते आधीच नेले आहे.

३. विणलेले वेदीवस्त्र फादर ग्योन्झांना, मनापासून.

४. चर्चमधली पहिल्या बाकावरची माझी जागा रेस्टिटुटाला. माझ्या अंत्यमिस्सेला, म्हणजे अंत्यविधीच्या प्रार्थनेला, ती आली तर तिला तिथेच बसवावे. ती गायली तर कोणी मागे वळून पाहू नये.

सही: पेलाजिया नालवोगा
साक्षीदार: तेओपिस्ता नाम्बूसी, शेजारीण; लाझारो सेब्बोवा, चर्चची घंटा वाजवणारा
बुलेंगेरे, १४ ऑक्टोबर २०११