नव्वद ग्रॅम

३ एप्रिल
सुनेने इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणलाय. म्हणे, "आई, कप-बिप पुरे. सगळं ग्रॅममध्ये लिहून काढा, म्हणजे आम्हालाही जमेल." आम्हालाही! जणू मला जमतंय. माझ्या केकला या घरात चाळीस वर्षं 'खड्डा' म्हणतात — मधोमध बसतो म्हणून.

४ एप्रिल
साखर एक कप — दोनशे ग्रॅम. मैदा एक कप — एकशे वीस. दोनदा तोलला. सिस्टरांनी शाळेत शिकवलं तसाच: चाळायचा, चमच्याने अलगद भरायचा, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. सिस्टर खाली वाकून, डोळे कपाच्या काठाशी आणून तपासायच्या.
केकला तीन कप. म्हणजे तीनशे साठ.

६ एप्रिल
भाचीचा फोन. तिनेही ताईची वही ग्रॅममध्ये उतरवलीय. ताईने कप भरायचा, हिने तोलायचा. सहज विचारलं, केकला मैदा किती गं?
"साडेचारशे, मावशी."
साडेचारशे!
दोघींचे कप सारखे आहेत. आईने जोडीतला एकेक दिला होता. पाककृती ताईने सांगितली तेव्हा मी विचारलंही होतं, "तीनच ना?" तर म्हणाली, "तीनच. तुला का खोटं सांगेन?"
सांगितलंस!

७ एप्रिल
स्वतः पावणेचार कप घालते, मला तीन सांगते. नव्वद ग्रॅम दाबून ठेवले सख्ख्या बहिणीपासून! आणि वर माझ्याच टेबलाशी बसून ताटली पुढे — "मला मधला तुकडा दे हं, खचलेला. तोच मऊ असतो." सगळ्यांदेखत! मी आपली मूर्खासारखी हसत वाढत राहिले.
मला वसतिगृहात शिकायला पाठवलं, तिला आईच्या हाताखाली ठेवलं. त्याचा डूख धरला म्हणायचा. इतकी वर्षं!

८ एप्रिल
पत्र लिहिलं. चार पानं. फोन केला असता तर ती रडली असती आणि मी विरघळले असते. शेवटचं वाक्य — 'आजपासून मला बहीण नाही.' एक काना खोडला नाही.
पेटीत टाकून आले. परवा पोचेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून ताई शेजारणीकडून पत्रं वाचून घेते. घे म्हणावं वाचून! कळू दे आळीला.

९ एप्रिल
केकचं नाव नको झालं होतं. सुनेला म्हटलं, तूच कर. तर ही थेट डब्यात कप खुपसते! ओट्यावर आपटते, वर आणखी मूठभर, तळव्याने दाबते.
"हा काय रानटीपणा?"
"अहो, ताईमावशी अशाच भरतात. तुमच्या आईंचा हात म्हणे. तुम्ही कधी पाहिलं नाहीत?"
नाही पाहिलं.
कप तिच्या हातातून घेतला. काट्यावर पालथा केला. एकशे पन्नास.
तीन कप. तीनच.
केक छान फुगला. मधला तुकडा खाल्ला — ताईचा.

१० एप्रिल
पहिली बस सहाची. टपालवाला ताईच्या गल्लीत अकराला येतो.